चाळ रिकामी करण्याआधी: फोटो, जेवण आणि खोलीची आठवण नीट कशी जपायची

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणं ही आनंदाचीच गोष्ट आहे. स्वतःचा संडास घरात असणं म्हणजे काय, हे ज्यांनी जन्मभर मजल्याच्या टोकाला रांग लावली त्यांना विचारावं. नायगाव, ना. म. जोशी मार्ग, लालबाग, काळाचौकी, गिरगाव, सगळीकडे आज ना उद्या हेच होणार आहे. खोली रिकामी करायची नोटीस आली की घरात भांडीकुंडी, कपाट, टीव्ही यांची चर्चा होते. माळ्यावरच्या ट्रंकेतले फोटो मात्र घाईघाईनं एखाद्या पिशवीत कोंबले जातात, आणि आजीचा पाटा कोण नेणार यावर वाद होऊन तो तिथंच राहतो.

हा लेख अशा घरांसाठी आहे. गिरणगाव, म्हणजे मुंबईतला कापडगिरण्यांचा भाग, मला जवळचं, म्हणून उदाहरणं तिथली. पण धरणाखाली जाणारं गाव असो की गावाकडचा विकायला काढलेला वाडा, पद्धत हीच लागू पडेल.

माझा आग्रह एका गोष्टीचा आहे. फोटो, पदार्थ आणि जागा ही तीन वेगवेगळी कामं धरू नका. आजीला नव्या घरात सोफ्यावर बसवून अल्बम दाखवला तर ती नावं सांगेल. तोच अल्बम जुन्या खोलीत मोरीच्या कट्ट्याजवळ उघडला तर ती हातानं दाखवत सांगेल की इथं पिंप होतं, पिंपामागं तुझा बाप लपायचा, आणि त्या दिवशी स्टोव्हवर कुळथाची पिठी होती. त्यामुळे निदान विचारपूस तरी खोलीची चावी देण्याआधी, खोलीतच व्हायला हवी.

आधी कुणाकडे जायचं

बहुतेक जण स्कॅनर शोधण्यापासून सुरुवात करतात. स्कॅनर पुढच्या वर्षीही मिळेल. म्हणून पहिल्यांदा माणसं. घरातल्या आणि मजल्यावरच्या सगळ्यांत वयस्क व्यक्तींची यादी करा. त्यात नात्यातले तेवढेच घेऊ नका. शेजारच्या काकू, समोरच्या खोलीतले मामा, गावकरी मंडळाच्या खोलीत (एकाच गावच्या कामगारांच्या सामाईक खोलीत) राहिलेले काका, एकेकाळी खानावळ चालवणाऱ्या बाई, सगळ्यांना घ्या. तुमच्या वडिलांचं तरुणपण तुमच्या आईपेक्षा त्यांच्या गिरणीतल्या पाळीच्या सोबत्याला जास्त ठाऊक असतं.

दुसऱ्या क्रमांकावर जागा, म्हणजे खोली आणि चाळ, कारण तिला तारीख ठरलेली आहे. तिसरे रंगीत फोटो. कृष्णधवल फोटो जुने म्हणून लोक ते आधी वाचवायला धावतात, पण त्यातली प्रतिमा चांदीची असते आणि बरं धुतलेलं छायाचित्र शंभर वर्षंही टिकतं. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या रंगीत छपाईत रंगद्रव्यं असतात, ती अंधारातसुद्धा उडतात. मुंजीचे नि लग्नाचे फोटो लालसर पडलेले दिसतात ते त्यामुळे. एकदा गेलेला निळा-हिरवा रंग कागदावर परत येत नाही, तेव्हा स्कॅनिंगची वेळ आली की ते आधी काढा.

फोटो हातात घेताना

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. फोटो कडेनं धरा. टेबलावर जुनं पण स्वच्छ सुती धोतर किंवा चादर पसरा आणि तिथं चहा आणू नका.

फोटो सापडतील त्याच क्रमानं ठेवा, ही सूचना मी मुद्दाम आधी देतो. कुठल्या पाकिटात कुठला गठ्ठा होता, अल्बममध्ये कुणाशेजारी कोण होतं, यातही माहिती असते. नाव नसलेला एक चेहरा त्याच पाकिटातल्या दुसऱ्या फोटोवरून ओळखता येतो. तेव्हा आधी प्रत्येक पाकिटाचा, प्रत्येक पानाचा फोन वापरून फोटो काढा, मगच काही हलवा.

चिकट पानांचे, वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम ऐंशी-नव्वदच्या दशकांत घरोघर होते. ते फोटोंचे शत्रू आहेत. गोंद वर्षागणिक घट्ट होतो आणि फोटोच्या पाठीत मुरतो. सहज सुटत असतील ते सोडवा. नसतील तर दात साफ करायचा बिनमेणाचा धागा फोटोखालून हळूहळू करवतीसारखा सरकवा. तेही जमत नसेल तर पान तसंच्या तसं स्कॅन करा आणि पुढं ओढाताण करू नका. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटोही काचेसकट स्कॅन होतो. तो ओढलात तर चेहरा काचेवर राहील.

फोटोमागं लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलीनं, कडेला, अजिबात दाब न देता. बॉलपेनचा ठसा पुढच्या बाजूला उमटतो. चकचकीत पाठीवर पेन्सिल उठत नाही, तिथं वेगळ्या कागदी पाकिटावर लिहून फोटो त्यात घाला. डांबराच्या गोळ्या फोटोंच्या पेटीत टाकू नका. दमट हवेत सिलिका जेलच्या पुड्या चालतात, त्या मधूनमधून बदलाव्या लागतात. भिंतीला लागून ठेवलेल्या पेटीत ओल धरते, तीही हलवा.

पूर आणि गळती हा आपल्याकडचा नेहमीचा धोका आहे. २६ जुलै २००५ मुंबईनं पाहिला, जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड बुडालं. फोटो भिजले आणि एकमेकांना चिकटले, तर ते वाळू देऊ नका, कारण एकदा वाळले की सुटत नाहीत. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून अलगद सोडवा, चिखल पाण्यातच निघू द्या आणि प्रतिमा वर करून सावलीत सुकवा. दोन दिवसांत हे करणं शक्य नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेले फोटो पुढं सवडीनं सोडवता येतात, बुरशी लागलेल्यांचं तसं नाही.

हा फोटो कधीचा? खुणा शोधायच्या कशा

फोटोवर तारीख क्वचितच असते, पण पार्श्वभूमी बरंच सांगते. गिरणगावातल्या फोटोंसाठी माझी सर्वांत आवडती खूण म्हणजे गणेशोत्सव मंडळाचा फलक. त्यावर ‘वर्ष अमुकवे’ असं लिहिलेलं असतं. मंडळाचं स्थापनेचं वर्ष माहीत असेल तर साध्या बेरजेनं साल निघतं; फक्त स्थापनेचं वर्ष पहिलं धरलेलं असतं, म्हणून बेरजेतून एक वजा करा. लालबागच्या राजाचं मंडळ १९३४ चं. तुमच्या गल्लीतल्या मंडळाचं वर्ष एखाद्या जुन्या अहवालावर किंवा वर्गणीच्या पावतीवर मिळेल.

दुसरी खूण भिंतीवरची दिनदर्शिका. कालनिर्णय दिसलं तर फोटो १९७३ किंवा त्यानंतरचा. फोटो मोठा करून महिना आणि कोणती तारीख रविवारी आली हे वाचता आलं, तर साल मोजक्या शक्यतांवर येतं. मग कडेवरच्या मुलाच्या वयावरून त्यातलं एक ठरतं.

रस्त्यावर ट्राम दिसते? मग ३१ मार्च १९६४ च्या आधीचा, त्या दिवशी मुंबईतली शेवटची ट्राम धावली. स्टुडिओच्या शिक्क्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. खोलीत टीव्ही असेल तर २ ऑक्टोबर १९७२ नंतरचा, कारण मुंबई दूरदर्शन त्या दिवशी सुरू झालं. मागं लालबागचा उड्डाणपूल असेल तर २०११ नंतरचा, आणि गिरणीची चिमणी धूर सोडत असेल तर बहुधा १९८२ च्या गिरणी संपाच्या आधीचा. निगेटिव्हची पट्टी सापडली तर ती फोटोपेक्षा मोलाची समजा. तिच्या कडेला फिल्मचं नाव असतं, आणि न छापलेले फोटो तिच्यात दडलेले असतात.

साल पक्कं नसेल तर ‘अंदाजे’ असं स्पष्ट लिहा आणि अंदाज कशावरून केला तेही. पुढच्या पिढीला तुमचा अंदाज तपासता आला पाहिजे.

बोलतं करणं

म्हाताऱ्या माणसांना साधारण दहा ते तीस या वयातलं सर्वांत जास्त आणि सर्वांत स्वच्छ आठवतं, हे मानसशास्त्राच्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलं आहे. समोरची व्यक्ती १९४५ ची असेल तर १९५५ ते १९७५ या काळाबद्दल विचारा. आणि आठवण म्हणजे कपाटातून काढलेली वस्तू नाही. मेंदू ती दरवेळी नव्यानं जुळवतो, आणि तुमच्या प्रश्नातला शब्दही त्यात मिसळतो. ‘तेव्हा तुम्ही आनंदात होता ना?’ असं विचारलं तर ‘हो’ येईल. ‘त्या दिवशी सकाळी काय काय झालं?’ असं विचारा आणि गप्प बसा.

फोटो लगेच दाखवू नका. आधी प्रसंग बोलू द्या, मग फोटो पुढं करा. दोन्हींत फरक पडला तर दोन्ही नोंदवा. तारखेवरून मधेच अडवू नका. दोन बहिणींनी एकच गोष्ट दोन प्रकारे सांगितली तर न्यायनिवाडा करू नका, दोघींची लिहा. शक्य असेल तर दोघींना एकत्र बसवा, भांडणात फार चांगला तपशील निघतो.

ध्वनिमुद्रणासाठी साधा फोन पुरतो. पंखा बंद करा, फोन विमान मोडवर टाका, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. सुरुवातीला दिवस, जागा आणि बोलणाऱ्याचं नाव तुमच्या तोंडून नोंदवा, आणि मुद्रण करतोय हे त्यांना सांगून, विचारून करा. पाऊण तास पुष्कळ झाला. आणि लिहून काढताना भाषा ‘सुधारू’ नका. मालवणीत सांगितलं ते मालवणीत, सातारी वळणाचं ते तसंच. बोली पुसली की माणूस अर्धा पुसला जातो, असं मला फार तीव्रतेनं वाटतं.

चालणारे काही प्रश्न देतो. रात्री या खोलीत कोण कुठं झोपायचं? पाणी किती वाजता यायचं आणि भरायचं कोण? गावाहून गाठोडं यायचं त्यात काय असायचं? पगाराच्या दिवशी घरी काय आणलं जायचं? तुम्हाला या खोलीत एकटं बसायला कधी मिळायचं? हा शेवटचा प्रश्न बायकांना जरूर विचारा.

अल्बममध्ये बायकांच्या बाबतीत एक गोष्ट डोळ्यांत खुपते. पंगतीचे फोटो असतात, वाढणारीचा हात असतो, चेहरा नसतो. नोंदींतही ‘अमक्याची आई’, ‘वहिनी’ एवढंच. प्रत्येक स्त्रीचं माहेरचं पूर्ण नाव, गाव आणि लग्नानंतर बदललेलं असेल तर आधीचं पाळण्यातलं नाव लिहून घ्या. वंशावळीच्या कागदांवर ते सापडत नाही आणि विचारायला माणूस उरलं नाही की कायमचं जातं.

गिरणगावात १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाबद्दल विचारताना हळू जा. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. कुणाचं मंगळसूत्र गेलं, कुणाची शाळा सुटली, कुणी गावी परतलं. अल्बममध्ये त्या सालांच्या जागी मोकळी पानं दिसली तर ती पानं दाखवून ‘यांचं काय?’ असं चटकन विचारू नका. एखाद्यानं ‘ते राहू दे’ म्हटलं तर राहू द्या. त्यांच्या दुःखावर आपला हक्क नाही. कधीकधी तीच व्यक्ती पुढच्या खेपेला, चहा घेताना, आपणहून सुरू करते.

जेवण: सगळ्यांत सोपं वाटणारं, सगळ्यांत अवघड काम

वासाची वाट इतर इंद्रियांपेक्षा वेगळी आहे. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूतल्या एका मधल्या ठाण्यावरून पुढं जातं. वास तो थांबा टाळून स्मृती आणि भावना सांभाळणाऱ्या भागांच्या अगदी जवळ पोचतो. सुकट भाजल्याच्या वासानं सत्तर वर्षांच्या माणसाला तो सात वर्षांचा असतानाचा दिवस आठवतो तो यामुळे. म्हणून मुलाखत रंगत नसेल तर प्रश्न थांबवा आणि काहीतरी शिजवायला घ्या.

कुठले पदार्थ नोंदवायचे? मोदक आणि पुरणपोळीच्या कृती सगळीकडे मिळतात. तुम्ही रोजचं धरा. पाळीवर जाताना डब्यात काय असायचं, महिनाअखेरीला काय शिजायचं, आजारी माणसाला काय दिलं जायचं. कोकणातल्या घरांत कुळथाची पिठी, सुकट-जवळा, तिरफळं घातलेला बांगडा. घाटावरच्या घरांत झुणका, खर्डा, माडगं. एकाच मजल्यावर दोन्ही चुली असायच्या आणि वाटीतून इकडचं तिकडं जायचं. ज्यांचं कुटुंब गावी होतं त्या कामगारांना खानावळवाल्या बायकांनी जेवू घातलं. या बायकांना सावकारीच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तुमच्या चाळीत खानावळ चालवलेल्या बाई असतील तर त्यांचं एक दिवसाचं वेळापत्रक तासातासानं लिहून घ्या.

कृती विचारून मिळत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. ‘अंदाजानं घालते’ हे उत्तर खरंच असतं. उपाय असा: वजनकाटा ओट्यावर ठेवा. आई मूठ भरून पीठ घेईल, ती मूठ आधी काट्यावरच्या वाटीत रिकामी करवा, आकडा लिहा, मग पातेल्यात जाऊ द्या. प्रत्येक जिन्नसाचं असंच. पाणी मापाच्या भांड्यातून. आच किती, किती वेळ, रंग कुठवर बदलला, हे त्यांच्या शब्दांत. ‘कडेला तेल सुटेस्तोवर’ हे वाक्य कुठल्याही मिनिटांपेक्षा अचूक आहे, ते बदलू नका. सगळं दोनदा करवून घ्या, दोन आकडे थोडे वेगळे येतील आणि तेच बरोबर आहे.

जुन्या वहीत शेर, मापटं, चिपटं अशी मापं निघतील. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली हा हिशेब खरा, पण ही धान्य मोजायची मापं आहेत, वजनाची नव्हेत, आणि ती मुलखागणिक बदलत. वहीतल्या शेराचं कोष्टकावरून किलोग्रॅममध्ये रूपांतर करू नका. घरातलं मापटं शिल्लक असेल तर त्यात तेच धान्य भरून वजन करा. मापटंच गेलं असेल तर ज्या गावची वही त्या गावात कुणाकडे आहे का ते विचारा.

आता मसाल्याची यादी. माझ्या मते गिरणगावातल्या घराचा याहून मौल्यवान कागद दुसरा नसेल. मार्च ते मे, गच्चीवर मिरच्या वाळवायच्या, देठं खुडायची, जिन्नस तेलावर भाजायचे आणि मग लालबागच्या डंकावर कांडायला न्यायचे. रंगाला बेडगी, तिखटाला संकेश्वरी नाहीतर लवंगी. धने, बडीशेप, दगडफूल, नाकेशर, बाद्यान, हळकुंड, आणखी काय काय. दर घराची यादी वेगळी, सुनांना सासूकडून आलेली, वहीच्या मधल्या पानावर तेलाच्या डागांसकट. तो कागद दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. दुरुस्त्या बघा: कुठल्या साली धने वाढले, लवंग कमी झाली. महागाई, बदललेली चव, घरात आलेली नवी सून, सगळं त्या खोडाखोडीत असतं. कुठली मिरची कुठल्या दुकानातून, भाजताना क्रम कुठला, डंकावर कुणी उभं राहायचं, हेही शेजारी लिहा. जमलं तर नव्या घरी जाण्याआधीचा शेवटचा मसाला सगळ्यांनी मिळून करा आणि त्याचं मुद्रण करा. कांडपाच्या डंकाचा आवाजसुद्धा घ्या.

भांडी न्या. बिडाचा तवा, पाटा-वरवंटा, खोवणी. नव्या स्वयंपाकघरात पाट्याला जागा नाही हे खरं, पण मिक्सरमधलं वाटण तापतं आणि पाण्यावर फिरतं, पाट्यावरचं तसं नसतं. पाटा गेला तर त्या कृतीतलं निम्मं गेलं.

खोली आणि चाळ

आधी टेप घेऊन मापं. लांबी, रुंदी, उंची, माळा किती उंचावर, मोरी केवढी, खिडकी कुठल्या दिशेला. चौकटीच्या वहीत एका चौकोनाला एक फूट धरून नकाशा काढा. मग त्याच्या चार प्रती करा: दिवसाची खोली, रात्रीची खोली, सणाची, आणि घरात मयत किंवा लग्न असतानाची. त्यावर देव्हारा, स्टोव्ह, पिंप, खुंट्या, वळकट्या, झोपणारी माणसं लिहा. दहा बाय सोळाच्या खोलीत नऊ-दहा माणसं कशी राहिली, हे पाळ्या लक्षात घेतल्याशिवाय कळत नाही. एक उठून कामाला जायचा तेव्हा दुसरा त्याच अंथरुणावर टेकायचा.

फोटो काढताना खोली आवरू नका. दारात उभं राहून चारही भिंती, मग छत, मग जमीन. मग बारीक गोष्टी: दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं नोंदलेली मुलांची उंची, पायऱ्यांना पडलेले खळगे, नळावरचे आकडे, पत्रपेट्या, भिंतीवरचे पक्षांचे जुने रंग. खोलीबाहेरच्या गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता चित्रफीत काढा आणि चालताना प्रत्येक दारापाशी कोण राहायचं ते बोला. वीस दारांची हीच जनगणना. पहाटेचं पाणी, संध्याकाळची आरती, कॅरमचा आवाज वेगळा मुद्रित करा.

गावकरी मंडळाची खोली असेल तर तिथली दफ्तरं विसरू नका: वर्गणीच्या वह्या, भिशीचे हिशेब, सभांचे वृत्तान्त. आणि घरातली गिरणीची ओळखपत्रं, ईएसआय कार्डं, भविष्यनिर्वाह निधीच्या पावत्या, बदली कार्डं (बदली कामगारांची) रद्दीत जाऊ देऊ नका. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाकडे हक्क सांगताना असेच कागद लागतात.

साठवणं आणि वाटणं

हा भाग छोटा आहे. स्कॅन करताना नेहमीच्या आकाराच्या फोटोला ६०० डीपीआय (इंचाला तेवढे ठिपके), पासपोर्टएवढ्या फोटोला १२००. पाठही स्कॅन करा. स्कॅनर नसेल तर गॅलरीतल्या सावलीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, फोन फोटोला समांतर धरून काढा. फाइलच्या नावात साल आधी, मग जागा, मग माणसं. तीन प्रती, त्यातल्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाच्या घरी. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवले तर ते दाबले जातात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ फोटो टाकू नका. जिवंत माणसांचे फोटो किंवा मुलाखती सर्वांसाठी खुल्या करण्याआधी त्यांना विचारा. घरातलं कर्ज, भांडण, आजारपण यांची नोंद असेल तर ती वेगळ्या पाकिटात ठेवा आणि कधी उघडायची ते त्यांनाच ठरवू द्या.

एवढं केल्यावरही नाव नसलेले चेहरे उरतील. त्यांचे मोठे प्रिंट काढा, प्रत्येकाला क्रमांक द्या, खाली लिहायला मोकळी जागा सोडा आणि गणपतीत किंवा शिमग्याला गावी न्या. तिथं ओटीवर पसरून ठेवा. जो कुणी ओळखेल त्याच्या हातात पेन्सिल द्या, आणि ओळखणाऱ्याचं नावही तिथंच लिहून घ्या.